वार्धक्य आले म्हणून व्यंग जात नाही

जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ह्या दोन काठांमध्ये जी गोटमार होते तिच्यामुळे पांढुर्ण्याचे नाव दूरवर गेले आहे. त्या दिवशीच्या जखमांची चर्चा वर्तमानपत्रांतून दोन दिवस होते आणि थांबते. परंतु ज्याचे हाड एकदा वाकडे जुळले, त्याच्या आयुष्यात तो एक दिवस पुढे चाळीस-पन्नास वर्षे चालू राहतो. व्यंग जन्माचे असो, आजाराचे असो, बागेत, कारखान्यात वा नदीच्या पात्रात आलेले असो, ते माणसाबरोबर वाढते आणि माणसाबरोबरच म्हातारे होते. म्हणून एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. ज्याला आजवर अपंग म्हणून शासनाचे साहाय्य मिळत होते, तो साठ वर्षांचा झाला म्हणजे त्या साहाय्याचे काय व्हावे?

हा प्रश्न सर्व देशाचा असला तरी पांढुर्णा आणि सौंसर ह्या दोन तालुक्यांत तो विशेष स्पष्टपणे दिसतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याबरोबर संत्र्याच्या बागांचा आणि कपाशीच्या काळ्या रानाचा हा मराठी बोलणारा पट्टाही तेथेच राहिला. 2023 च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, अशी येथील माणसाची दुहेरी वहिवाट आहे. सीमेपलीकडे वरुड, नरखेड, काटोल येथे त्याची सोयरीक आहे. त्यामुळे एकाच कुटुंबातील दोन अपंग वृद्धांना दोन राज्यांत दोन निरनिराळ्या रीतींनी वागविले जाते, हे येथे घरबसल्या ताडून पाहता येते.

ह्या प्रश्नाला आजच निकड का आली, त्याचे कारण मुलांच्या एका जुन्या रोगात आहे. 1960 ते 1970 ह्या दशकात खेड्यापाड्यांतील असंख्य मुलांना पोलिओ झाला. लस त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. पल्स पोलिओची देशव्यापी मोहीम 1995 साली सुरू झाली, शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत आढळला आणि 2014 च्या मार्चमध्ये हा देश पोलिओमुक्त ठरला. रोग गेला, पण त्याने ज्यांचे पाय नेले ती मुले मागे राहिली. ती मुले आता साठीत येत आहेत. काठीवर, कुबडीवर, तीनचाकी सायकलीवर संसार ओढणारी ही पिढी नेमकी त्या उंबरठ्यावर उभी आहे, जेथे सरकारी दप्तरात माणसाची एक ओळख पुसून दुसरी लिहिली जाते.

ही ओळख कशी पुसली जाते, हे समजण्यासाठी एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. सौंसर तालुक्यातील एखाद्या गावची, एका पायाने अधू असलेली बाई पंचायतीत चौकशीला आली आहे. तेथे बसलेला गावचाच मुलगा आदराने म्हणतो, “बाई, तुमचं आता साठ झालं. वृद्धावस्थेत नाव चढवून देतो, पैसे तेवढेच भेटतील.” बाई म्हणते, “तुमाले जसं बरं वाटन तसं करा, भाऊ.” ह्या बोलण्यात कोणाचा दुष्टावा नाही. मुलाला काम सुटसुटीत करावयाचे आहे आणि बाईला त्याचा विश्वास वाटतो. परंतु ह्या दोन वाक्यांत एक हक्क कोणाच्या ध्यानात न येता हातचा जाऊ शकतो. “पैसे तेवढेच” हे आज खरे असेल, पण उद्याही ते खरे राहील असे नाही.

वार्धक्य आणि अपंगत्व ह्या दोन भिन्न अवस्था आहेत, हे भारताच्या राज्यघटनेने प्रारंभापासून मानले आहे. घटनेच्या 41 व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता ह्या प्रसंगी शासनाने साहाय्य करावे असे म्हटले आहे. तेथे वार्धक्य आणि विकलांगता हे दोन शब्द शेजारी असले तरी वेगळे आहेत, आणि ह्याला अर्थ आहे. वार्धक्यात कमाई थांबते, म्हणून निर्वाहासाठी मदत लागते. अपंगत्वात कमाई तर घटतेच, शिवाय खर्च वाढतो. कुबडीचे रबर झिजते, बूट वेगळा करून घ्यावा लागतो, चार मैलांवरच्या बाजाराला पायी जाता येत नाही म्हणून भाडे पडते, आणि सोबतीला कोणी आले तर त्याचा रोज बुडतो. साठी उलटल्यावर ह्यांतील एकही खर्च कमी होत नाही. उलट आयुष्यभर एका पायाचा भार वाहून दुसरा गुडघाही थकतो आणि खांदे दुखू लागतात. म्हणजे वार्धक्य हे अपंगत्वाच्या जागी येत नाही, ते त्याच्यावर येऊन बसते.

केंद्र शासनाच्या योजनांचा इतिहास पाहिला तर ह्या भेदाबद्दल शासनाचेच मन कसे हेलकावत होते ते दिसून येते. 15 ऑगस्ट 1995 रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात वृद्धांसाठी निवृत्तिवेतन आले. 2007 साली त्यास इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले. अपंगांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय निवृत्तिवेतन मात्र 2009 साली आले, आणि तेही 18 ते 64 ह्या वयापुरते. त्यापुढे माणूस वृद्ध म्हणून मोजला जाई. 1 एप्रिल 2011 पासून वृद्धापकाळाची मर्यादा 65 वरून 60 वर आणली गेली. ही चांगलीच गोष्ट होती, पण तिच्याबरोबर अपंगांच्या योजनेचे वरचे टोकही 59 वर खाली आले. साठावा वाढदिवस हाच जणू व्यंग नाहीसे होण्याचा दिवस ठरला. 1 ऑक्टोबर 2012 पासून ही चूक बरीचशी दुरुस्त झाली. अपंगांचे निवृत्तिवेतन 200 वरून 300 रुपये झाले आणि वयाची मर्यादा 79 पर्यंत वाढली. अशा रीतीने साठ ते एकूणऐंशी ह्या वयात केंद्राच्या हिशेबी वृद्धास दरमहा 200 आणि अतिशय अपंग असलेल्या वृद्धास 300 रुपये, असा भेद राहिला. ऐंशी वर्षे पूर्ण होताच मात्र दोघांनाही 500 रुपये. म्हणजे ज्या वयात अपंगाला आधाराची गरज सर्वांत अधिक, त्याच वयात त्याचे वेगळेपण हिशेबातून निघून जाते.

केंद्राच्या ह्या योजनेस दोन अटी आहेत. लाभार्थी दारिद्र्यरेषेखालील असावा आणि त्याचे अपंगत्व 80 टक्के वा अधिक असावे. एका पायाच्या पोलिओत हे प्रमाण सहसा भरत नाही. अशा माणसांसाठी मध्य प्रदेश राज्याची सामाजिक सुरक्षा पेन्शन आहे आणि तिला 40 टक्के अपंगत्व पुरते. राज्याने आपला वाटा घालून ही रक्कम दरमहा 600 रुपयांवर आणली, आणि वृद्ध, विधवा व अपंग ह्या सर्वांसाठी ती एकच ठेवली. पंचायतीतील तो मुलगा “पैसे तेवढेच” म्हणतो ते ह्यामुळे. एका व्यक्तीस ह्यांपैकी एकच पेन्शन घेता येते. आणि नाव केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत गेले की त्यातील 200 रुपये केंद्राकडून येतात. तेव्हा नाव तिकडे सरकविण्यात कोणाला सोय वाटली तर नवल नाही.

परंतु येथे 2016 चा कायदा आड येतो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा हा अधिनियम 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्याच्या 24 व्या कलमात सामाजिक सुरक्षेची तरतूद असून तीत एक महत्त्वाची पुस्ती जोडलेली आहे. इतर लोकांना लागू असलेल्या तशाच प्रकारच्या योजनेत जे साहाय्य मिळते, त्याहून दिव्यांग व्यक्तीचे साहाय्य किमान 25 टक्के अधिक असावे, असा तिचा आशय आहे. ह्या कलमात वयाची वरची मर्यादा नाही. दिव्यांग साठ वर्षांचा झाला म्हणजे दिव्यांग राहत नाही, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

आता ही पुस्ती हिशेबात उतरवून पाहावी. धडधाकट वृद्धास 600 रुपये मिळत असतील तर त्याचा चतुर्थांश 150, म्हणजे अपंग वृद्धास किमान 750 रुपये मिळावेत असा अर्थ निघतो. केंद्राच्या 200 रुपयांवर चतुर्थांश 50, म्हणजे 250. केंद्र 300 देते, तेव्हा 79 वर्षांपर्यंत तेथे कायद्याचा मान राखला जातो. परंतु ऐंशीनंतरच्या 500 रुपयांवर चतुर्थांश धरला तर 625 व्हावयास हवेत, आणि तेथे मात्र सर्वांना सारखेच. महिन्याचे 125 वा 150 रुपये शहरातील सुखवस्तू माणसाला क्षुल्लक वाटतील. ज्या घरात मिठामिरचीचा हिशेब आठवड्याच्या बाजारावर ठरतो, तेथे ते क्षुल्लक नसतात.

सीमेपलीकडे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात 65 वर्षांच्या आतील निराधार व अपंगांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून साहाय्य मिळते आणि 65 नंतर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतून. 2023 साली दोन्हींची रक्कम 1,500 रुपये झाली. तेथेही वयाच्या उंबरठ्यावर नाव एका योजनेतून दुसरीत जाते. परंतु 2025 च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने दिव्यांग लाभार्थ्यांचे साहाय्य ऑक्टोबरपासून 2,500 रुपये करण्याचे ठरविले, तेव्हा ही वाढ दोन्ही योजनांतील दिव्यांगांना दिली. ह्याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. नरखेडच्या ज्या अपंग वृद्धाची नोंद श्रावणबाळ योजनेत जाऊनही दिव्यांग म्हणून कायम राहिली, त्याला 1,000 रुपयांची ही वाढ मिळण्याचा मार्ग मोकळा राहिला. ज्याच्या कागदावर नुसते “वृद्ध” लिहिलेले आहे, त्याला आधी आपले अपंगत्व पुन्हा सिद्ध करावे लागेल. आज दोन रकमा समान आहेत म्हणून नोंद सोडू नये. रक्कम उद्या बदलते, आणि बदलते तेव्हा ती नोंद पाहूनच बदलते.

रेल्वेचे उदाहरण ह्याहूनही बोलके आहे. पांढुर्णा नागपूर-इटारसी मार्गावर आहे आणि सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. मोठ्या दुखण्यासाठी येथील माणूस नागपूर गाठतो. पूर्वी ज्येष्ठ नागरिकांना भाड्यात सवलत होती, पुरुषांना 40 टक्के आणि स्त्रियांना 50 टक्के. 2020 च्या मार्चमध्ये ती थांबविण्यात आली आणि पुढील पाच वर्षांतही ती परत आली नाही. परंतु संपूर्ण अंध, तसेच सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग असलेले प्रवासी, अशा काही दिव्यांगांची सवलत चालू राहिली. दुसऱ्या वर्गात व शयनयानात त्यांना आणि त्यांच्या एका सोबत्याला भाड्यात 75 टक्के सूट आहे. म्हणजे एकाच डब्यात एकाच वयाचे दोन वृद्ध बसले असतील, तर जो केवळ वृद्ध आहे त्याला काही सवलत नाही, आणि ज्याने आपला दाखला जपला त्याला आहे.

कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत तर हे तत्त्व फार पूर्वीच मान्य झाले आहे. सौंसर तालुक्यात बोरगावला कारखाने आहेत आणि तेथे यंत्रावर काम करणारी माणसे आहेत. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने विमा उतरलेल्या कामगारास कामावरील अपघातात कायमचे अपंगत्व आले तर त्याला जन्मभर लाभ देण्याची रीत घातली. साठ वर्षे झाली म्हणून तो लाभ बंद होत नाही, कारण गेलेली बोटे साठाव्या वर्षी परत येत नाहीत. यंत्राने नेलेल्या हाताविषयी जे समजते, ते पोलिओने नेलेल्या पायाविषयी समजू नये असे काही कारण नाही.

इतर देशांनीही हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला आहे. इंग्लंड व वेल्समध्ये निवृत्तीच्या वयापूर्वी ज्याला अपंगत्वाचा भत्ता मिळू लागला, त्याचा भत्ता ते वय उलटल्यावरही चालू राहू शकतो. ज्याला व्यंग त्या वयानंतर आले त्याला वेगळा शुश्रूषा-भत्ता मिळतो, आणि त्यात हिंडण्याफिरण्याच्या अडचणीसाठीचा भाग नसतो. त्यामुळे तेथे अर्ज कधी केला ह्या एका गोष्टीवर पुढील सर्व आयुष्याचे साहाय्य ठरते. अमेरिकेत अपंगत्व विम्याची रक्कम निवृत्तीच्या पूर्ण वयात आपोआप वार्धक्याच्या वेतनात बदलते, आणि ती साधारणपणे तेवढीच राहते. कोठेही पाहिले तरी बोध एकच निघतो, की ह्या उंबरठ्यावर कागदपत्रांविषयी बेसावध राहणे महाग पडते.

ह्यावर कोणी म्हणेल की राज्याची तिजोरी अमर्याद नाही. हे खरे आहे, आणि कायद्यानेही शासनाच्या आर्थिक कुवतीची मर्यादा मानली आहे. परंतु कुवतीचा प्रश्न रक्कम किती असावी ह्याविषयी येतो. दप्तरात खरे काय ते लिहावे, ह्याला तिजोरीतून काही द्यावे लागत नाही. अपंग वृद्धाची नोंद अपंग वृद्ध अशीच ठेवली तर शासनालाही आपल्या जिल्ह्यात अशी माणसे किती आहेत हे नेमके कळेल. ती नुसत्या वृद्धांत मिसळली तर आज थोडा हिशेब सोपा होईल, आणि उद्या कायद्याप्रमाणे वाढ द्यावयाची झाली तर माणसे सापडणार नाहीत.

म्हणून साठीच्या आसपास असलेल्या अपंग माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी काही गोष्टींची काळजी घेणे इष्ट होय. पहिली गोष्ट दाखल्याची. जुना कागदी दाखला असेल तर त्यावर विसंबून न राहता वैद्यकीय मंडळाकडून टक्केवारीची नोंद पक्की करून घ्यावी आणि दिव्यांगांसाठीचे एकमेव ओळखपत्र काढावे. दाखल्यावर मुदत घातलेली असेल तर ती संपण्यापूर्वीच हालचाल करावी. दुसरी गोष्ट वयाची. खेड्यातील पुष्कळ माणसांचे जन्मवर्ष अंदाजाने लिहिलेले असते. आधार आणि समग्र ह्या दोन्ही ठिकाणी ते एकच आहे की नाही हे पाहावे, नाहीतर माणूस कागदावर अकालीच म्हातारा होतो किंवा त्याची पेन्शन मध्येच अडते. समग्रच्या नोंदीत अपंगत्वाचा उल्लेख आहे की नाही, तेही तेव्हाच विचारावे.

तिसरी गोष्ट संमतीची. योजना बदलण्याविषयी कोणी सुचविले तर लगेच अंगठा उमटवू नये. कोणत्या योजनेतून कोणत्या योजनेत नाव जाते आणि दिव्यांग ही नोंद राहते की नाही, हे शांतपणे विचारावे. आपले म्हणणे लेखी द्यावे आणि पावती घ्यावी. खेड्यात जनपद पंचायत आणि गावात नगरपालिका ह्यांच्याकडे हे काम असते. तेथे उलगडा झाला नाही तर राज्याची 181 ही दूरध्वनीची सोय आहे, आणि दिव्यांगांच्या आयुक्तांकडेही दाद मागता येते. अर्ज हिंदीत करावा लागतो म्हणून संकोच धरू नये. शाळेत जाणारी नात तो चांगला लिहून देईल.

चौथी गोष्ट, जी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. साठीनंतर अपंगत्व आले तरी दाखला मिळतो. अर्धांगवायूने एक बाजू गेली, मधुमेहाने पाय कापावा लागला, डोळ्यांची दृष्टी गेली, तर “म्हातारपण आहे, चालायचेच” असे म्हणून घरचे गप्प बसतात. कायद्याने मोजलेले व्यंग हे कोणत्या वयात आले ह्यावर अवलंबून नाही. केंद्राच्या योजनेतही अठरा वर्षांपुढील कोणासही, अटी भरल्या तर, प्रवेश आहे.

“चालायचेच” हा शब्द मोठा घातकी आहे. ज्याला चालता येत नाही त्याच्यासंबंधी तो वापरला जातो, ह्यातच त्याचा कठोरपणा दिसून येतो. वयाचा मान म्हणून समाज वृद्धाला आधी बसावयास जागा देतो. ती जागा देताना त्याच्या हातातील कुबडी काढून घेतली जात नाही ना, एवढे पाहणे हे त्या समाजाचे आणि त्याच्या शासनाचे कर्तव्य आहे. पांढुर्णा हा नवा जिल्हा आहे. त्याची दप्तरे अजून कोरी आणि ताजी आहेत. त्या दप्तरांत ह्या माणसांची नावे त्यांच्या दोन्ही ओळखींसह लिहिली गेली, तर पोलिओच्या काळात ज्या मुलांपर्यंत लस वेळेवर पोचली नाही, त्यांच्या म्हातारपणी तरी त्यांचा हक्क त्यांच्यापर्यंत वेळेवर पोचला असे म्हणता येईल.